बावीस हजारांचा नफा, पैसे कुठे आहेत?

जून उजाडला की पुष्पक एक्सप्रेसनं लखनौला उतरणाऱ्या गर्दीत काही मराठी मुलंमुली हमखास दिसतात. सीतापूर रोडवरच्या प्रबंधनगरात, म्हणजे आयआयएमच्या आवारात, ती पुढची दोन वर्षं काढणार असतात. 1984 साली सुरू झालेली ही देशातली चौथी आयआयएम. इथे येणाऱ्यांत इंजिनिअर भरपूर. शिवाय कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाचा वेगळा अभ्यासक्रम असल्यामुळे राहुरी, अकोला, परभणी, दापोलीहून बी.एस्सी. ॲग्री करून आलेलेही असतात. कॅटच्या परीक्षेत गणित विचारतात, इंग्रजी विचारतात, तर्कशक्ती तपासतात. जमाखर्च कुणी विचारत नाही. त्यामुळे थर्मोडायनॅमिक्स कोळून प्यालेला मुलगा पहिल्याच सत्रात फायनान्शियल अकाउंटिंगचं पुस्तक उघडतो आणि पहिल्या दहा पानांत गांगरतो.

मी परभणीची. तिथल्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन इथे आले, शिकले आणि नोकरीच्या निमित्तानं लखनौतच राहिले. अलीगंजमधल्या आमच्या घरी उन्हाळ्यात रविवारी ही नवी मुलं जमतात. पोहे होतात, चहा होतो, मग वही उघडते. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, डेबिट म्हणजे नक्की काय हो?" कुणीतरी यूट्यूबवरून नियम पाठ करून आलेला असतो. घेणाऱ्याला डेबिट, देणाऱ्याला क्रेडिट. येणाऱ्या वस्तूला डेबिट, जाणाऱ्या वस्तूला क्रेडिट. खर्च-तोट्याला डेबिट, उत्पन्न-नफ्याला क्रेडिट. नियम बरोबर आहेत आणि अकरावीच्या कॉमर्सच्या मुलांना ते दोन वर्षांच्या सरावानं अंगवळणी पडतात. पण ज्याच्या हातात दोन वर्षं नाहीत, त्यानं तिथून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. मी सुरुवात ताळेबंदापासून करते. आणि ताळेबंद शिकवायला लखनौच्या चौकाइतकी चांगली जागा मला दुसरी ठाऊक नाही.

चौक म्हणजे जुनं लखनौ. अकबरी गेट आणि गोल दरवाज्याच्या मधल्या गल्ल्यांत चिकनकारीच्या कपड्यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. 2008 साली लखनौ चिकनला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे दादरला किंवा लक्ष्मी रोडला लखनवी कुर्ता घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तो एका माणसानं शिवलेला कपडा वाटतो, पण तो कितीतरी हातांतून आलेला असतो. व्यापारी कापडाचा तागा घेतो. कटाई होते, कच्ची शिलाई होते. मग छपाईवाला लाकडी ठशांनी कपड्यावर निळ्या रंगात वेलबुट्टी उठवतो. हा निळा रंग कच्चा असतो, पुढे धुऊन जाण्यासाठीच लावलेला. छापलेले कपडे गठ्ठ्यांनी काकोरी, मलिहाबादकडच्या गावांत जातात. तिथे घराच्या ओसरीवर बसून बाया टेपची, बखिया, फंदा, मुर्री असे टाके घालतात. बऱ्याचदा एका कुर्त्यावर एकीची मुर्री असते आणि जाळी दुसरीच काढते. नगावर मजुरी. कपडा परत येतो तो मळलेला, निळ्या रेघांनी भरलेला. मग धुलाई, खळ, इस्त्री, आणि तेव्हा कुठे तो दुकानात टांगला जातो. या सगळ्यात महिने जातात. व्यापाऱ्याचे पैसे मात्र पहिल्या दिवसापासून बाहेर पडत असतात.

आता कल्पना करा, एका माणसानं 1 एप्रिलला असं दुकान सुरू केलं. आकडे मी हिशोब कळावा म्हणून सोपे घेतले आहेत. त्यानं स्वतःचे 5,00,000 रुपये घातले आणि बँकेकडून 12 टक्के व्याजानं 3,00,000 कर्ज घेतलं. त्याच्या दुकानाचा पहिला ताळेबंद दोन ओळींचा आहे. डावीकडे लिहायचं दुकानाकडे काय आहे: रोख 8,00,000. उजवीकडे लिहायचं ते कुणाचं आहे: बँकेचे 3,00,000, मालकाचे 5,00,000. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी, आणि ती कायम सारखीच राहणार, कारण दोन्हीकडे एकाच पैशाबद्दल लिहिलं आहे. एकीकडे तो कोणत्या रूपात आहे, दुसरीकडे त्याच्यावर हक्क कुणाचा आहे.

इथे एक गोष्ट थांबून बघायला हवी. मालकाचे पाच लाख दुकानाच्या उजव्या बाजूला, म्हणजे देण्यांच्या रांगेत का? कारण हिशोब दुकानाचा चालला आहे, मालकाचा नाही. मालक आणि दुकान हे दोन वेगळे जीव मानून लिहायचं. कायद्यानं ते वेगळे नसतील, तरी वहीत वेगळे. हे एकदा पटलं की मुलांना छळणारी एक मोठी अडचण सुटते. बँकेचा मेसेज येतो, 'तुमच्या खात्यात दहा हजार क्रेडिट झाले'. आणि पुस्तक सांगतं की बँकेत पैसे आले तर बँक खातं डेबिट करा. मग खरं कोण? दोघंही. मेसेज बँकेच्या वहीतून आलेला आहे. बँकेच्या वहीत माझी ठेव म्हणजे बँकेचं देणं. देणं वाढलं म्हणून क्रेडिट. माझ्या वहीत तीच ठेव माझी मालमत्ता. मालमत्ता वाढली म्हणून डेबिट. प्रत्येक नोंदीआधी 'वही कुणाची?' असं विचारायची सवय लागली की निम्मी भीती जाते.

दुकानाकडे परत येऊ. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत काय काय झालं? जागेची अनामत 1,00,000 भरली. कपाटं, फळ्या, काउंटर 1,20,000 चं केलं. कापड 2,00,000 चं घेतलं. निम्मे पैसे रोख दिले, निम्म्याची उधारी. छपाई, शिलाई आणि कशिद्याच्या मजुरीचे 1,50,000 दिले, धुलाई-इस्त्रीचे 50,000 दिले. यातून 500 कुर्ते तयार झाले. त्यांतले 200 कुर्ते नगाला 1,300 रुपयांनी विकले: 60,000 रोख मिळाले आणि 2,00,000 चा माल दादरच्या एका दुकानदाराला तीन महिन्यांच्या उधारीवर गेला. भाडं महिन्याला 10,000 प्रमाणे 30,000 दिलं. हाताखालच्या मुलाचा पगार महिन्याला 12,000. एप्रिल-मेचा दिला, जूनचा राहिला. बँकेचं तीन महिन्यांचं व्याज 9,000 भरलं.

जूनअखेर गल्ल्यात आणि बँकेत मिळून किती राहिले? मुलं झटपट वजाबाकी करतात: 2,77,000. आठ लाखांवरून पावणेतीन लाखांवर. सव्वापाच लाखांच्या आसपास रक्कम तीन महिन्यांत गेली. मी विचारते, "दुकान कसं चाललंय?" इंजिनिअर मंडळी एका सुरात म्हणतात, "बुडालं!"

मग नफा-तोटा पत्रक लिहायला घेतो. विक्री 2,60,000. यात दादरच्या उधारीचे दोन लाखही आले, कारण माल त्यांच्या ताब्यात गेला, बिल झालं, पैसे मागण्याचा हक्क तयार झाला. विक्री मोजायची ती हा हक्क तयार झाला त्या दिवशी. पैसे केव्हा येतील तो वेगळा मामला. आता या विक्रीसाठी खर्च किती झाला? कापड, मजुरी, धुलाई मिळून 4,00,000 लागले खरे, पण ते 500 कुर्त्यांसाठी. एका कुर्त्याला 800. विकले गेले 200, म्हणून खर्च 1,60,000. उरलेले 2,40,000 अजून खर्च झालेलेच नाहीत. ते 300 कुर्त्यांच्या रूपात कपाटात आहेत, विकले जातील त्या महिन्याच्या खर्चात पडतील. म्हणजे ढोबळ नफा 1,00,000. त्यातून भाडं 30,000 गेलं. पगार 36,000 गेला, दिलेले 24,000 नव्हे, कारण जून महिन्यात मुलानं काम केलं आहे, पैसे जुलैत दिले तरी खर्च जूनचाच. व्याज 9,000. राहिली कपाटं. ती दहा वर्षं टिकतील असं धरलं तर वर्षाला 12,000, तीन महिन्यांचे 3,000. हा घसारा. अनामत खर्चात नाहीच, ती परत मिळायची आहे. सगळं वजा जाता निव्वळ नफा 22,000.

खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. सव्वापाच लाख गेले आणि दुकान नफ्यात? मग मी जूनअखेरचा ताळेबंद मांडायला सांगते. डावीकडे रोख 2,77,000, दादरकडून येणं 2,00,000, शिल्लक माल 2,40,000, अनामत 1,00,000, कपाटं 1,17,000. बेरीज 9,34,000. उजवीकडे बँक 3,00,000, कापडवाल्याचं देणं 1,00,000, पगाराचं देणं 12,000, मालकाचे मूळ 5,00,000 आणि नफ्याचे 22,000. बेरीज 9,34,000. बेरजा जुळल्या की चेहरे उजळतात, आणि मला दर वेळी तितकाच आनंद होतो. पैसा गेला कुठे याचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या अक्षरात समोर असतं: दादरला, कपाटात, जागामालकाकडच्या अनामतीत. बुडाला नाही, अडकला आहे.

हे मांडून झाल्यावर डेबिट-क्रेडिट सांगायला पाच मिनिटं लागतात. ताळेबंदाच्या डाव्या बाजूची गोष्ट वाढली तर डेबिट, उजव्या बाजूची वाढली तर क्रेडिट. घटली तर उलट. नफा मालकाच्या बाजूचा, म्हणून उत्पन्न क्रेडिट; खर्च त्याच बाजूला कमी करतो, म्हणून डेबिट. विक्रीची नोंद करताना रोख 60,000 आणि दादरचा दुकानदार 2,00,000 डेबिट, विक्री 2,60,000 क्रेडिट. पाठोपाठ, विकलेल्या मालाचा खर्च 1,60,000 डेबिट, माल क्रेडिट. पाठ केलेले तीन नियम यातच बसतात. ज्याला समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवायची सवय आहे, त्याला यात नवीन काही नाही. ही पद्धत पहिल्यांदा छापून प्रसिद्ध करणारा लुका पाचोली हा मुळात गणितीच होता. 1494 साली व्हेनिसमध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकात अंकगणित आहे, बीजगणित आहे, भूमिती आहे आणि त्यांच्याच सोबत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंद आहे. गणितवाल्यांनी या विषयाला परकं समजायचं कारण नाही.

खरी कठीण गोष्ट पुढे आहे, आणि ती गणितानं सुटत नाही.

उरलेल्या 300 कुर्त्यांपैकी 40 कुर्त्यांवरचा निळा रंग धुलाईत नीट गेला नाही असं समजा. असं होतं. डाग राहिलेला कुर्ता 1,300 ला कोण घेईल? फार तर 500 मिळतील. मग त्याची किंमत वहीत 800 ठेवायची का? लेखा मानकांचा नियम स्पष्ट आहे: माल खर्चाच्या किमतीला किंवा विकून जे हाती येईल त्या किमतीला, दोन्हींत जी कमी असेल तिला धरायचा. नगामागे 300 कमी, 40 नगांचे 12,000. नफा 22,000 चा 10,000 झाला. एकही रुपया इकडचा तिकडे गेलेला नाही, फक्त कुणीतरी कपाट उघडून कुर्ता उजेडात धरला. आणि व्यापाऱ्यानं कपाट उघडलंच नाही तर? तर 22,000 तसाच राहतो आणि तो पाहून बँक पुढचं कर्ज देते. कपाटं दहा वर्षं टिकतील हेसुद्धा कुणीतरी ठरवलेलंच आहे. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात फर्निचरला साधारण दहा वर्षं आणि लॅपटॉपला तीन वर्षं आयुष्य दिलेलं आहे, पण कायद्यानं दिलेला आकडाही शेवटी अंदाजच. दादरचा दुकानदार पूर्ण दोन लाख देईल हाही अंदाज. मुलांना मी सांगते, नफ्याच्या आकड्याच्या पोटात बसलेले हे अंदाज एकेक करून बाहेर काढा. कुणी केले, कशाच्या आधारे केले, कुणाच्या सोयीचे आहेत ते विचारा. मॅनेजर म्हणून तुम्हाला नोंदी कराव्या लागणार नाहीत, ते काम सॉफ्टवेअर करतं. हे प्रश्न विचारावे लागणार आहेत.

शेतीतून आलेल्या मुलांकडे इथे एक भांडवल असतं, त्याची त्यांना स्वतःलाच कल्पना नसते. आम्ही कृषी अर्थशास्त्रात पिकाचा उत्पादन खर्च शिकलेलो असतो. कृषी मूल्य आयोग तो तीन प्रकारे मोजतो. ए-टू म्हणजे बी-बियाणं, खत, फवारणी, मजुरी असा शेतकऱ्यानं प्रत्यक्ष केलेला खर्च. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाचं मोल मिळवलं की ए-टू अधिक एफ-एल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-टू. हमीभाव दीडपट कशाच्या द्यायचा, यावरून देशात जे वाद झाले ते या तीन आकड्यांवरूनच.

आमच्या घरी सोयाबीन मोंढ्यावर नेलं की बाबा हिशोबपट्टी घेऊन यायचे. क्विंटल, भाव, हमाली, तोलाई, आणि खाली हातात आलेली रक्कम. पट्टी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवायची. 'एवढे सुटले' असं ते म्हणत, आणि त्या 'एवढ्या'त आईची खुरपणी, काकांचं पाणी देणं, मोटारीची झीज यांचा पत्ता नसे. कृषी विद्यापीठात सी-टू शिकताना मला पहिल्यांदा त्या पट्टीत काय लिहिलेलं नव्हतं ते दिसलं.

आता हाच चष्मा लावून चौकातल्या दुकानाकडे पाहा. 22,000 च्या नफ्यात मालकाचा स्वतःचा पगार कुठे आहे? कुठेच नाही. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालकानं घेतलेले पैसे खर्च धरत नाहीत, ती उचल धरतात. त्याच्या पाच लाखांवर व्याज धरलंय का? तेही नाही. बँकेच्याच 12 टक्के दरानं धरलं तर तीन महिन्यांचे 15,000 होतात. मग त्याच्या तीन महिन्यांच्या बसण्याचे, गावोगाव गठ्ठे पोचवण्याचे, दादरला फोन करण्याचे राहिले 7,000. हाताखालच्या मुलाला 36,000, मालकाला सात. लेखाशास्त्र चूक नाही. ते बाहेरच्यांना दिलेल्या मोबदल्याचा हिशोब ठेवतं, स्वतःच्या कष्टांचा नाही. पण ही मर्यादा ज्याला कळली त्यानं छोट्या धंद्याचा नफा वेगळ्या नजरेनं वाचायला हवा. हा मुद्दा आमच्या रविवारी बहुतेक वेळा एखाद्या शेतकऱ्याच्या मुलानंच काढलेला असतो, आणि मग इंजिनिअर त्याच्याकडे वळून बसतात.

एवढं झालं की खऱ्या कंपनीचा अहवाल हातात घ्यायला हरकत नाही. लखनौकरांच्या ओळखीची स्कूटर्स इंडिया लिमिटेड मी निवडते. कानपूर रोडवर सरोजिनीनगरला हिचा कारखाना होता. 1972 साली ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि इटलीच्या इनोसेंटी कंपनीकडून लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेऊन 1975 पासून उत्पादन सुरू झालं. विजय सुपर स्कूटर इथली, आणि उत्तर भारतातल्या रस्त्यांवर धावणारी 'विक्रम' तीनचाकीही इथलीच. 1997 मध्ये दुचाकी बंद झाल्या, फक्त तीनचाकी उरल्या. 2021 मध्ये केंद्रानं कंपनी बंद करायचा निर्णय घेतला.

अशा कंपनीच्या ताळेबंदात आमच्या दुकानाचीच रचना दिसते, फक्त उजवीकडे मालकाच्या जागी भागभांडवल असतं आणि त्याच्याखाली साचत गेलेला तोटा. वर्षानुवर्षांचा तोटा भांडवलापेक्षा मोठा झाला की मालकाच्या बाजूचा आकडा उणे होतो. याला नक्त मूल्य संपणं म्हणतात. अशा वेळी कारखान्यातली सगळी यंत्रं पुस्तकी किमतीला विकली तरी देणी फिटणार नाहीत. आजारी सरकारी कंपन्यांना पुनरुज्जीवनाचं पॅकेज मिळतं, तेव्हा त्यात बहुधा एक कलम असतं: सरकारनं दिलेलं कर्ज भागभांडवलात बदलायचं. ताळेबंदात बघा काय होतं. उजव्या बाजूची एक रक्कम एका ओळीतून उचलून दुसऱ्या ओळीत ठेवली. नक्त मूल्य सुधारलं, व्याजाचा बोजा हलका झाला. डाव्या बाजूला मात्र काहीही हललं नाही. यंत्रं तीच, गिऱ्हाईक तेच. हे ज्याला कागदावर पेन्सिलीनं दाखवता येतं, तो वर्तमानपत्रातली 'कंपनी सावरली' अशी बातमी वाचून लगेच हुरळणार नाही.

फसवणुकीचं उदाहरण द्यायचं तर सत्यम कॉम्प्युटर्सचं देते, आणि ते लवकर आटोपते, कारण त्यातली शिकवण सोपी आहे. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की वहीत दाखवलेल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. नफा फुगवला की दुहेरी नोंदीमुळे डावीकडेही काहीतरी फुगवावं लागतं, नाहीतर उजवीकडचं एखादं देणं लपवावं लागतं. खोटा नफा लपवायला बहुधा कुठलीतरी खोटी मालमत्ता लागते: खोटा माल, खोटी येणी, किंवा इथल्यासारखी खोटी शिल्लक. म्हणून नफ्याच्या शेजारी रोख प्रवाहाचं पत्रक ठेवून वाचायचं, आणि डाव्या बाजूच्या प्रत्येक मोठ्या आकड्याला हात लावून बघता येतो का ते विचारायचं.

मला स्वतःला सर्वांत जिव्हाळ्याची ओळ उजव्या बाजूला आहे. चौकातल्या त्या दुकानाकडे शेवटचं एकदा पाहू. समजा व्यापाऱ्यानं 1,50,000 मजुरी जूनअखेरपर्यंत दिलीच नाही. कशिदा काढून झाला, कपडे आले, पैसे 'पुढच्या महिन्यात'. नफ्यात काहीही फरक पडत नाही, तो 22,000 च. रोख शिल्लक मात्र 2,77,000 ऐवजी 4,27,000 दिसते. फक्त गल्ला पाहणाऱ्याला दुकान तालेवार वाटेल. त्या वाढीव दीड लाखामागे काकोरीतल्या ओसऱ्यांवरची मजुरी थकलेली आहे, आणि ती फक्त ताळेबंदाच्या उजव्या बाजूला, देण्यांच्या ओळीत दिसते. रोकड भरपूर असलेल्या कंपनीचं कौतुक करण्याआधी ही ओळ वाचलीच पाहिजे असा माझा हट्ट असतो.

कंपन्यांना कायद्यानं ही ओळ उघड करायला लावली आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, 45 दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाहीत. आणि 2013 च्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ताळेबंदाचा जो नमुना आहे, त्यात व्यापारी देणी दोन ओळींत फोडून दाखवावी लागतात: सूक्ष्म आणि लघु उद्योगांची किती, इतरांची किती. 2021 च्या दुरुस्तीनंतर ती किती जुनी आहेत याचा तक्ताही टिपांमध्ये द्यावा लागतो: एक वर्षाच्या आतली, एक ते दोन वर्षांची, दोन ते तीन, तीनहून जुनी. घरात बसून मुर्री काढणारी बाई बहुधा या तक्त्यात येत नाही. तिचा हिशोब ठेकेदाराच्या वहीत असतो. पण तिच्या वरच्या पायरीवरचा छोटा कारखानदार येतो, आणि त्याचे पैसे थकले की तिचेही थकतात.

सत्र सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी प्रत्येकजण पुढे जिथे नोकरी करायची इच्छा आहे अशा एका कंपनीचा वार्षिक अहवाल लॅपटॉपवर उघडून आणतो. कुणी बियाण्यांची कंपनी, कुणी गाड्यांची, कुणी साबण-बिस्किटांची. अहवाल तीनशे पानांचा असतो आणि पहिली शंभर पानं चकचकीत फोटोंची. ती ओलांडून ताळेबंदावर यायचं, तिथून 'व्यापारी देणी' या ओळीसमोरचा टीप क्रमांक धरून मागच्या पानांत त्या तक्त्यापर्यंत जायचं. मग पहिल्या रकान्यात सूक्ष्म-लघु उद्योगांसमोर किती, आणि उजवीकडच्या जुन्या रकान्यांत काही आहे का, ते वहीत उतरवायचं. हे झाल्यावर नफ्याचं पान उघडतो.